आधी काय दिसतं

सोलापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. गुरुवर्य दोंड सरांस,
सा. नमस्कार.

सर, मी नंदीश कलशेट्टी. दुधनीचा. दोन हजार तीनची दहावी. तुमच्याकडं चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. शाळेच्या ऑफिसातून तुमचा केमचा पत्ता घेतला. तिथं म्हणाले, सरांना आता अजिबात ऐकू येत नाही, मोबाईल ते हातात धरत नाहीत, पण पत्राला उत्तर मात्र न चुकता देतात. म्हणून लिहितोय. फार वर्षांनी हातानं लिहितोय, अक्षराला हसू नका.

मी सोलापुरातच आहे. विजापूर रोडला बोर्डाचं दुकान आहे. आधी ब्रशनं रंगवायचो, आता सगळं कॉम्प्युटरवर. दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नाच्या कमानी. बरं चाललंय. आई सुंदरम्मा दुधनीलाच असते, इकडं यायला तयार नाही.

काम असं की, इथल्या एका शिकवणी केंद्रात दर रविवारी बोर्डाचं काम शिकवायला मला बोलावलंय. बारा पोरं-पोरी आहेत. कॉम्प्युटरची बटणं त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतात. पण संकल्पचित्राची तत्त्वं म्हणजे काय, असं एका मुलीनं विचारलं आणि मी फळ्यासमोर नुसता उभा राहिलो. तोल, लय, विरोध, प्रमाण, नावं तोंडपाठ होती. पुढं काय सांगायचं ते सुचेना. तुम्ही आम्हाला वहीत लिहून द्यायचा, ते मला पुन्हा मिळेल का?

आणखी एक विचारायचं होतं. गिऱ्हाईक चुकीचं काही करायला सांगत असेल आणि आपल्याला ते चूक आहे हे कळत असेल, तर बोर्ड करणाऱ्यानं काय करावं? पोरं विचारतात.

तुमचा विद्यार्थी,
नंदीश


केम, ता. करमाळा
२० फेब्रुवारी २०२५

चि. नंदीश यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सूनबाईनं पाकीट हातात दिलं तेव्हा मी जेवत होतो, जेवण तसंच राहिलं. कलशेट्टी म्हणजे खिडकीजवळच्या बाकावरचा, डाव्या हातानं काढणारा. बरोबर ना? कान गेले पण चेहरे आहेत अजून.

वही काही सापडली नाही. सापडली असती तरी दिली नसती. वहीतलं वाचून शिकवशील तर पोरं वहीत लिहून घेतील आणि संपलं. तू त्यांना दाखव.

तोल म्हणजे दोन्हीकडं सारखं, असं मी पहिली पंधरा वर्षं शिकवलं. ते अर्धंच खरं आहे. बाजारात दांडीचा काटा बघितलायस ना, एकीकडं भलामोठा भोपळा आणि दुसरीकडं मूठभर लोखंड. आकार सारखा नाही, पण वजन सारखं. कागदावरही वजन असतं. काळ्या रंगाला असतं, माणसाच्या चेहऱ्याला तर फार असतं. कोपऱ्यात एवढासा चेहरा काढला तरी अख्खा कागद तिकडं कलतो.

विरोधाचं सांगतो. आमच्या गावात कुंकवाचे कारखाने. तिथं काम करून संध्याकाळी बाया घरी निघतात तेव्हा साडी, हात, भुवया, सगळं लाल. त्यांच्या कपाळावरचं कुंकू कुणाला दिसत नाही. हे पोरांना सांग. लाल रंग जोरदार असतो हे खोटं. शेजारी कोण आहे त्यावर त्याचा जोर.

लय, प्रमाण, मोकळी जागा हे हळूहळू घे. पण प्राधान्य पहिल्याच दिवशी घे. कागद बघणाऱ्याला आधी काय दिसतं, मग काय, आणि शेवटी काय, हे काढणाऱ्यानं ठरवायचं असतं. त्यानं नाही ठरवलं तर ते आपोआप ठरतं आणि बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. यासाठी एकच युक्ती. बोर्डापासून वीस पावलं लांब उभं राहा आणि डोळे किलकिले कर. बारीकसारीक सगळं विरघळून जातं. जे उरतं तेवढंच तो बोर्ड बोलतो. बाकीचं आपण उगाच लिहिलेलं असतं.

गिऱ्हाइकाचं विचारलंस. अरे, पोटासाठी धंदा करायचा तर गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतं. एकदा समजावून सांगायचं, नाही ऐकलं तर त्याच्या मनासारखं करून द्यायचं आणि विसरून जायचं. एखाद्या पाटीवर गुलाबी रंग जास्त झाला म्हणून काही जग बुडत नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मानसिंग दोंड


सोलापूर
१६ मार्च २०२५

ती. सरांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र वर्गात वाचून दाखवलं. कुंकवाचं सगळ्यांना पटलं. गेल्या रविवारी पोरांना घेऊन सात रस्ता चौकात गेलो आणि वीस पावलांवरून डोळे किलकिले करायला लावले. येणारे-जाणारे थांबून बघत होते, बारा जणांचं ऊन लागल्यासारखं काय चाललंय म्हणून. एक मुलगी म्हणाली, सर, कुठलाच बोर्ड काही बोलत न्हाय की, सगळे नुसते हात जोडून उभारलेत. आम्ही हसलो. मी पण हसलो.

सर, एका बोर्डाबद्दल तुमचं मत हवं होतं. माझ्या ओळखीतल्या एका धंदेवाल्यानं केलाय. वर्गात उदाहरण म्हणून घ्यावा का, असा विचार चाललाय. आठ फूट बाय चार फूट. गावाबाहेर ओढ्यावर फरशी पूल आहे, त्याच्या अलीकडं लावायचा होता. डाव्या बाजूला गावच्या पुढाऱ्यांचा फोटो, जवळजवळ बोर्डाच्या उंचीचा. वर त्यांचं नाव. उजवीकडं कार्यकर्त्यांचे सहा गोल फोटो. भोवती झेंडूच्या माळेची चौकट. मागं तांबडा रंग. खाली एका पट्टीत, लाल अक्षरात, पाणी असताना पूल ओलांडू नये, मधला भाग खचला आहे, असं लिहिलंय. अक्षर दोन इंचाचं.

तुम्ही तपासायचा तसा तपासा. दहापैकी किती द्याल?

आपला,
नंदीश


केम
२८ मार्च २०२५

चि. नंदीश,
आशीर्वाद.

शून्य.

माझ्या नोकरीत मी कुणालाही शून्य दिलं नाही. कोऱ्या कागदालासुद्धा दोन द्यायचो, कारण निदान तो खोटं बोलत नाही. तुझ्या त्या ओळखीच्याला शून्य.

तू लिहिलंयस त्यावरून मी कागदावर काढून पाहिला आणि भिंतीला लावून लांबून बघितला. एक चेहरा उरतो. धोक्याची सूचना तांबड्यावर लाल, म्हणजे नाहीच. हा बोर्ड नाही, हा वाढदिवसाचा फ्लेक्स आहे आणि तो पुलावर लावलाय. जो माणूस तो पूल रोज ओलांडतो त्याला बोर्डाची गरजच नसते. बोर्ड परक्या माणसासाठी असतो. परका माणूस हे बघून काय समजेल? गावात कुणाचातरी सत्कार आहे एवढंच.

वर्गात जरूर घे. आणि त्या माणसाला सांग, ज्याला हे कळत नाही त्यानं बोर्ड करू नयेत, आणि कळत असून केलं असेल तर त्यानं ब्रशला हात लावू नये. मी म्हणालो म्हणून सांग.

तो बोर्ड अजून तिथं आहे का? असेल तर आधी उतरवायला सांग.

तुझा,
मानसिंग दोंड


केम
२ जून २०२५

चि. नंदीश,
आशीर्वाद.

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. मध्ये एक कार्ड टाकलं होतं, ते मिळालं का? वर्ग बंद पडला की तब्येत बरी नाही? आई ठीक आहे ना?

मी मागं फार तिखट लिहिलं असं आता वाटतं. तुझ्या ओळखीच्या माणसाला वाईट वाटलं असेल तर माझ्या वतीनं सावरून घे. वयानं जीभ सैल होते. चार ओळी लिही.

तुझा,
मानसिंग दोंड


सोलापूर
१५ जून २०२५

ती. सरांस,
सा. नमस्कार.

कार्ड मिळालं होतं. तुम्ही काही सावरायला नको. तो बोर्ड मी केलाय.

गेल्या वर्षी जून महिन्यात केला. गावाचं नाव लिहीत नाही, अक्कलकोटच्या बाजूचं आहे. तिथल्या पुढाऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. पुलाचा मधला भाग खचला होता, दुरुस्ती मंजूर व्हायची होती, तोवर आपल्या खर्चानं बोर्ड लावू म्हणून त्यांनी माझ्याकडं काम दिलं. गिऱ्हाइकाला फोटो हवा असतो हे तुम्हाला माहीतच आहे. करून दिला. विसरलो.

सप्टेंबरात त्या पुलावर एक माणूस गेला. शिवपुत्र नाव, होटगीचे. रेल्वेत होते, रुळांच्या गँगमध्ये. बायकोला मागं बसवून मोटारसायकलवर तिच्या मावशीच्या गावी निघाले होते. संध्याकाळचे साडेपाच, चांगला उजेड होता. फरशीवरून घोटाभर पाणी वाहत होतं. मध्ये फरशीच नव्हती. बायको कठड्याच्या लोखंडाला अडकून राहिली म्हणून वाचली. ते दुसऱ्या दिवशी खाली दीड किलोमीटरवर सापडले.

मला हे पेपरातून कळलं. दुकानात एकजण पेपर घेऊन आला आणि फोटोवर बोट ठेवून म्हणाला, तुमचाच बोर्ड दिसतोय की. गर्दीच्या मागं बोर्ड उभा होता. पेपरातल्या एवढ्याशा फोटोतही अण्णा ओळखू येत होते. कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव आणि नंबर होता, तोही वाचता येत होता. खालची पट्टी म्हणजे नुसता एक काळा पट्टा. त्या माणसाला ती ओळखीची खूण दाखवल्याचा आनंद झाला होता. मी त्याला चहा पाजला.

कुणी मला काही बोललं नाही, सर. पंचनाम्यात लिहिलं की बोर्ड लावलेला असूनही दुर्लक्ष केलं. म्हणजे माझ्या बोर्डानं त्यांनाच गुन्हेगार ठरवलं.

वर्ग वगैरे खरा आहे, ते खोटं लिहिलेलं नाही. पण तुमचं शून्य वाचल्यावर मला राहवेना. एप्रिलमध्ये होटगीला शिवपुत्रांच्या बायकोला भेटायला गेलो. सिद्धेश्वरी त्यांचं नाव, वय पस्तिसाच्या आसपास, सासऱ्याजवळ राहतात. मी रस्त्याच्या कामाचा माणूस आहे, पुलाची माहिती गोळा करतोय, असं सांगितलं. खोटं बोललो. त्यांनी बसायला चटई टाकली, पाणी दिलं.

मी विचारलं, तिथं बोर्ड होता म्हणतात, दिसला नव्हता का?

त्या म्हणाल्या, "दिसला की. न दिसायला काय झालं? येवढा मोठा होता. ह्येनी गाडी हळू केली. रेल्वेतला मानूस, पाटी दिसली की थांबायची सवय लागल्याली. मला म्हनले, बघ गं, कुनाचा तरी वाडदिवस दिसतोय. मी म्हनलं, असंल, चला, मावशी वाट बघत असंल. मीच म्हनलं चला म्हनून."

निघताना म्हणाल्या, "तेवढं लिवून घ्या सायेब, ह्यो मानूस बेफिकीर नव्हता. तसं कागदावर लिवलंय, ते खोटं हाय."

मी लिहून घेतल्यासारखं केलं.

सर, त्या बाई स्वतःला दोष देऊन घेतात. मीच चला म्हणाले, हे त्या सासऱ्यांना रोज सांगतात. आणि मी रस्त्याचा साहेब म्हणून त्यांच्या हातचं पाणी पिऊन आलो. त्यानंतर मला तुम्हाला काय लिहावं ते कळेना.

नंदीश


केम
२२ जून २०२५

चि. नंदीश,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आशीर्वाद लिहायला हात धजला नाही. रागानं नाही. मी तो देण्याच्या लायकीचा आहे का, ते बघत होतो.

तू विसरला असशील, मी विसरलो नाही. नववीत तू रेल्वे फाटकावर पोस्टर केलं होतंस. सबंध कागद काळा, खाली उजव्या कोपऱ्यात पांढरं एवढंसं माणूस, आणि वर दोन रूळ त्याच्याकडं येणारे. गाडी काढलीच नव्हतीस. मी वीस वर्षांत असं पोस्टर पाहिलं नव्हतं. स्टाफरूममध्ये नेऊन सगळ्यांना दाखवलं होतं.

मग बक्षीस समारंभाला संस्थेचे अध्यक्ष येणार असं ठरलं. मी तुला बोलावून म्हणालो, वरच्या काळ्या जागेत संस्थेचं आणि अध्यक्षांचं नाव पिवळ्या अक्षरात घाल. तू म्हणालास, सर, मग आधी नावच दिसेल. मी म्हणालो, दिसू दे, बक्षीस त्यांच्याच हातून घ्यायचंय. तू घातलंस. पहिला नंबर आला. अध्यक्ष खूष झाले. त्याच वर्षी मला पर्यवेक्षकाची बढती मिळाली, तिचा त्याच्याशी संबंध होता की नाही हे मी कधी स्वतःला विचारलं नाही.

तत्त्वं मी तुला वहीत शिकवली. प्रत्यक्षात काय करायचं असतं ते त्या दिवशी शिकवलं. फेब्रुवारीत तू विचारलंस तेव्हाही तेच पुन्हा शिकवलं, करून द्यायचं आणि विसरायचं. जग बुडत नाही असं लिहिलं मी. ते पत्र फाडून टाक.

आता दोन गोष्टी कर. बोर्ड उतरव आणि नवा लाव. आणि त्या बाईंना जाऊन खरं सांग. त्या आपलंच पाप समजून जे ओझं वाहतायत ते त्यांचं नाही. निदान तेवढं त्यांच्या डोक्यावरून उतरेल. त्या तुला काय म्हणतील ते ऐकून घे. मला ऐकू येत नाही, नाहीतर तुझ्याबरोबर मीही आलो असतो.

मानसिंग दोंड


सोलापूर
३ ऑगस्ट २०२५

ती. सरांस,
सा. नमस्कार.

फाटकाचं पोस्टर मी विसरलो नव्हतो. खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं. वहीची गरज नव्हती. तुम्हाला हळूहळू तिथवर आणायचं आणि मग म्हणायचं, बघा, हे तुम्ही शिकवलं होतं, असं माझ्या मनात होतं. कुणावर तरी टाकायचं होतं. आता तुम्ही आपणहून घेतलंत आणि मला त्यातलं काहीच हलकं वाटलं नाही. उलट पुढचं सगळं लिहिणं भाग पडलं.

आधी अण्णांकडं गेलो. मला वाटलं भांडण होईल. म्हटलं, अण्णा, बोर्ड बदलायचाय, तुमच्या फोटोमुळं सूचना दिसत नाही. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "नंदीश, फोटो मी कुटं सांगितला होता? मी म्हनलो होतो, पुलाचा बोर्ड कर आनि खाली बारीक नाव टाक. तू लावून गेलास तवा मलाच जरा कसंतरी वाटलं. पर म्हनलं, केलाय तर ऱ्हाऊ दे, कुनाला आपला फोटो नकोसा असतो?"

मला ते खोटं वाटलं. दुकानात येऊन जुना मेसेज शोधला. त्यांनी लिहिलं होतं, सूचना मोठी टाक, खाली सौजन्य म्हणून नाव. तेवढंच. आदल्याच आठवड्यात त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मी केला होता. तो कॉम्प्युटरवर उघडाच होता. त्याच्यातले शुभेच्छा हे शब्द काढले आणि खाली पट्टी टाकली. दहा मिनिटांचं काम. सांगायच्या आधीच करून दिलं की माणूस खूष होतो, हे मला धंद्यात कळलं होतं.

म्हणजे गिऱ्हाइकाचं ऐकावं का, हा माझा प्रश्नच खोटा होता, सर. मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. वर्षभर मी असंच समजून चाललो होतो की सांगितलं होतं. मला तसं अगदी आठवतही होतं.

त्यानंतर होटगीला गेलो. सिद्धेश्वरीताई तांदूळ निवडत होत्या. सासरे दाराशी खाटेवर होते. उभ्यानंच सांगितलं. मी साहेब नाही, बोर्ड मी केलाय. चुकीचा केला. तुमच्या मालकांनी वाचला नाही कारण वाचायला दिसेल असा तो नव्हता. तुम्ही चला म्हणालात म्हणून काही झालेलं नाही.

त्यांचा हात थांबला. मला वाटलं रडतील किंवा ओरडतील. त्यांनी विचारलं, "तसा काढायला कुनी सांगितलं हुतं?"

अण्णांकडं जाऊन आलो नसतो तर मी अण्णांचं नाव घेतलं असतं. अगदी खऱ्या मनानं घेतलं असतं.

म्हटलं, कुणी नाही. मीच.

"करताना कळत हुतं?"

म्हटलं, विचार केला असता तर कळलं असतं. मला ते येतं. केला नाही.

त्या सुपाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुनीतरी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." एवढं बोलून सूप उचलून आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. सासऱ्यांनी कन्नडमध्ये मला विचारलं, जेवलास का. ते सवयीनं विचारलं असावं. मी हो म्हणालो आणि निघालो.

त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं की नाही ते मला सांगता येत नाही. मी बघितलं तेवढं लिहिलं.

नवा बोर्ड करायचाय. पंचायतीनं परवानगी दिली आहे. हातानं रंगवणार आहे. अक्षर तुम्ही आखून द्याल का?

नंदीश


केम
१४ ऑगस्ट २०२५

चि. नंदीश,
आशीर्वाद.

सोबत दोन कागद आहेत. हात थरथरतो, रेघ हलली आहे तिथं तू सरळ करून घे.

जमीन पिवळी, अक्षर काळं. दोनच ओळी. वर "पाणी आहे? थांबा." खाली थोड्या लहान अक्षरात "पूल मध्ये तुटला आहे." मी आधी ओलांडू नये असं लिहिलं होतं, ते खोडलं. गाडीवरच्या माणसाला नये पर्यंत पोचायला वेळ नसतो. त्या भागात कन्नड वाचणारे आहेत, तेव्हा तेच कन्नडमध्ये खाली घे, तितक्याच मोठ्या अक्षरात. कडेनं चौकट नको. चारी बाजूंना वीतभर पिवळं मोकळं सोड, ते रिकामं नाही, तेच अक्षर उचलून धरतं. नाव कुणाचंच नको. तुझंही नको.

सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या त्यावर मी फार विचार केला. कुणी सांगितलं असतं तर त्यांना एक माणूस रागवायला मिळाला असता. दुष्ट माणूस. तू त्यांना तेवढंही देऊ शकला नाहीस, आणि खोटं बोलून दिलं नाहीस हे बरोबर केलंस. पण बरोबर केल्यानं कुणाला काही मिळालं असं मला दिसत नाही. वयाच्या शहात्तराव्या वर्षी तुला याहून शहाणं काही सांगता यायला हवं होतं.

पुन्हा तिकडं जाऊ नकोस. त्यांनी बोलावलं तर जा.

तुझा,
मानसिंग दोंड


सोलापूर
२८ सप्टेंबर २०२५

ती. सरांस,
सा. नमस्कार.

बोर्ड लागला. तुमची हललेली रेघ सरळ करत बसलो नाही, तशीच ठेवली. वर्गातल्या पोरांना बरोबर नेलं होतं. कन्नड अक्षरं मी काढली, दुधनीहून आईला आणून वाचून घेतली. वीस पावलांवरून सगळ्यांनी डोळे किलकिले केले. थांबा, एवढंच उरलं.

गेल्या आठवड्यात इकडं फार पाऊस झाला. पेपरात वाचलं असेल. मंगळवारी ओढ्याला पाणी आलं असं अण्णांनी कळवलं. मी दुकान बंद केलं आणि गेलो. नेहमीच्या रस्त्यावर पाणी होतं, लांबून फिरून जावं लागलं. पुलाच्या अलीकडं बाभळीखाली गाडी लावून दुपारी बारापासून पाच वाजेपर्यंत बसून राहिलो. फरशीवर घोटाभर पाणी होतं. तसंच, गेल्या वर्षी होतं तेवढंच.

अकरा गाड्या आल्या. नऊ बोर्डापाशी थांबल्या आणि मागं वळल्या. एक टेम्पोवाला तर शिव्या देत वळला, पण वळला.

दोन मोटारसायकली थांबल्या, वाचलं, आणि गेल्या. पहिल्यावर एकटा माणूस होता. दुसऱ्यावर जोडपं होतं. मी धावत गेलो, हात केले, ओरडलो. पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. बाईनं बोर्ड मोठ्यानं वाचलेला मी ऐकला होता. त्यांनी गाडी उजव्या काठाला अगदी चिकटून घेतली, तिथं अजून हातभर फरशी शिल्लक आहे, आणि पलीकडं गेले. पलीकडं जाऊन तो माणूस माझ्याकडं बघून हसला.

सर, ते पुलाच्या मध्यावर होते तेव्हा मला काय वाटलं ते तुम्हाला लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. भीती वाटली. पण भीतीच्या आधी मला हायसं वाटलं. वाटलं, म्हणजे नीट बोर्ड असला, वाचला, तरी माणूस जातो. मग शिवपुत्रही गेलेच असते. एवढंच नाही, गाडी मधोमध आली तेव्हा मी ओरडत होतो आणि माझ्या मनाचा एक कोपरा ती घसरायची वाट बघत होता.

ती घसरली नाही. जोडपं घरी पोचलं असेल. मी परत बाभळीखाली येऊन बसलो, उरलेल्या गाड्या वळताना बघत.

आपला,
नंदीश